माश्या कुणी उठवल्या

खोदायला घेऊन अठरावा दिवस होता आणि विहिरीनं अजून ओलाव्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. वर येणारा प्रत्येक डबा कोरडाठाक. मुरूम, मग पुन्हा मुरूम, मध्येच हातभर खडक, की परत मुरूम. चौकशी रहाटाचा दांडा फिरवायची, डबा काठाशी आला की खुंटी बसवायची, "आला!" म्हणून खाली हाक द्यायची आणि डबा ढिगावर पालथा करण्याआधी त्यात हात घालून बघायची. मूठभर माती दाबायची. मूठ उघडली की माती भुरुभुरु सांडून जायची.

"दाबून काय ओली होणार आहे ती?" खालून नवरा ओरडायचा. डबा परत यायला उशीर झाला की वर काय चाललंय ते त्याला बरोबर कळायचं.

"दाबल्याशिवाय कळणार कसं?" ती वरून म्हणायची.

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी बापाच्या मागे फिरत हे असं का आणि ते तसं का करून तिनं त्याच्या नाकी नऊ आणले होते, तेव्हा त्यानंच वैतागून ते ठेवलं. लग्नाला बारा वर्षं झाली तरी ते सुटलं नाही, उलट सासरी जास्तच चिकटलं.

विहिरी खोदायच्या हा त्या घराचा धंदा. नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ खाली कुदळ-पहार चालवत, चौकशी वर रहाट ओढी आणि सासू पत्र्याच्या खोपटाच्या सावलीत बसून दोर वळी. जिथं काम लागेल तिथं ते पत्रे उभे राहायचे, काम संपलं की उतरायचे. मुलगी शाळेसाठी आजोळी ठेवलेली.

सासूचं म्हणणं सरळ होतं. जे होतं ते देव करतो. वारा सुटला, त्यानं सोडला. दोर तुटला, त्यानं तोडला. आणि तुटला तेव्हा खाली कुणी नव्हतं, तेही त्यानंच बघून ठेवलं होतं. मांडीवर काथ्या घेऊन ती पीळ द्यायची आणि ओठातल्या ओठात त्याच्याशी बोलत राहायची, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"आई, हा मधला खडकही त्यानंच ठेवला?" चौकशीनं विचारलं होतं.

"मग काय तुझ्या बापानं?"

"आपण फोडायचा म्हणून?"

"तुला काम मिळावं म्हणून."

"आणि खाली पाणी नसलंच, तर ते कुणी नाही ठेवलं?"

सासूनं दोर थांबवून तिच्याकडे बघितलं. "तू दांडा फिरव," ती म्हणाली.

खालून धाकटा मोठ्यानं हसला. विहिरीतनं हसू वर येतं तेव्हा ते तिप्पट मोठं होऊन येतं. "वहिनी, देवाला म्हणावं एकदा खाली ये आणि ही पहार धरून बघ. मग बोलू."

"जीभ झडेल मेल्या तुझी," सासू म्हणाली, पण तिच्या बोलण्यात राग नव्हता. धाकट्याचं हे रोजचंच होतं.

विहीर लिंबाच्या बागेत होती. बाग एका बाईची. तिची जुनी विहीर गेल्या वर्षी आटली होती, आणि यंदा झाडांनी हिरवी पानंसुद्धा गाळायला सुरुवात केली होती. दर तीन दिवसांनी टँकर यायचा, तो आळ्यांत ओतला की तासाभरात जमीन पुन्हा तडकलेली. बागवाली रोज सकाळी छत्री घेऊन यायची, काठावरून वाकून बघायची आणि काही न बोलता जायची. खोदणाऱ्यांना प्यायला तिनं फाटकाशी एक पिंप ठेवलं होतं. त्यातला पेला साखळीनं बांधलेला होता. पहिल्या दिवशी साखळी बघून नवऱ्यानं पेला हातात न घेताच ओंजळीनं पाणी प्यायलं होतं, आणि तेव्हापासून तो तसाच प्यायचा.

त्या अठराव्या दिवशी सकाळी मात्र ती बोलली.

"किती झालं?"

"पाच पुरुष झालं, बाई," नवरा खालून म्हणाला. आपल्या उंचीनं पाच माणसं एकावर एक उभी करावी एवढी खोली.

"माती छान निघतेय. विहीर कधी निघायची?" ती म्हणाली. "शनिवारी मी बोअरची गाडी बोलावलीय. तोवर लागलं तर लागलं. तुम्ही माणसं कष्टाची आहात, पण माझी झाडं थांबायची नाहीत."

ती गेली. खाली कुदळीचा आवाज सुरू व्हायला बराच वेळ लागला.

विहिरीला लागून पूर्वेच्या अंगाला उंबराचं जुनं झाड होतं. उंबर दिसला की जवळ पाणी असणार, अशा अंदाजानंच नवऱ्यानं ती जागा धरली होती. झाडाच्या विहिरीकडे झुकलेल्या जाड फांदीला आग्या मोहोळ लागलेलं होतं, अर्ध्या दरवाजाएवढं. त्यांनी त्याला कधी हात लावला नाही, झाडाखाली चूल पेटवली नाही, आणि माश्यांनीही त्यांचं कधी काही वाकडं केलं नाही. त्यांची गुणगुण दिवसभर चालायची. चौकशीला तिची एवढी सवय झाली होती की ती ऐकूच यायची नाही.

अकराच्या सुमाराला ती गुणगुण थांबली. थांबली म्हणूनच तिला ऐकू आली.

चौकशीनं वर बघितलं. मोहोळाच्या काळ्या अंगावरून एक लाट सरसरत गेली, मग दुसरी. फांदी हलली का? वारा तर पडलेला होता. ती हे बघते आहे तोवर पहिली माशी मानेवर बसली, निखारा टेकवावा तशी, आणि पाठोपाठ आभाळ खाली आलं.

डबा अर्ध्यावर होता. मुरमानं काठोकाठ भरलेला, आणि त्याच्या सरळ खाली दोन माणसं. अर्ध्यावर खुंटी घालायची सोय त्या रहाटाला नव्हती. डबा काठाशी आला तरच ती बसायची. चौकशीला हे आठवावं लागलं नाही, तिच्या हातांनाच ते ठाऊक होतं. तिनं डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले आणि दांडा फिरवत राहिली. पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर, केसांच्या मुळांशी, बोटांच्या पेरांवर. एका माशीनं नाकात शिरायला बघितलं तेव्हा तिनं नाकानंच जोरात श्वास सोडला, पण तोंड उघडलं नाही. किती फेरे झाले ते तिला कळेना. मग दांड्याला ओळखीचा धक्का बसला, डबा काठाशी आला होता. तिनं चाचपडत खुंटी बसवली आणि तिथंच गुडघ्यांवर कोसळली.

"आला" ही हाक मात्र तिच्या तोंडून निघाली नाही.

"अगं, आला का?" खालून नवरा म्हणाला. उत्तर नाही. "अगं ए!"

मग तो वर यायला निघाला. भिंतीत पाय ठेवायला खोबण्या कोरलेल्या होत्या, त्यांतून तो माकडासारखा चढला आणि मागोमाग धाकटा. काठावर डोकं काढताच दोघांना माश्यांनी घेरलं. नवऱ्यानं चौकशीच्या काखेत हात घातले. धाकट्यानं अंगातला सदरा ओढून काढला, तिच्या तोंडावर गुंडाळला आणि उघड्या अंगानं तिचे पाय उचलले. खोपट तीस पावलांवर होतं. सासू वाकळ घेऊन धावत आली, तिनं ती तिघांवर टाकली, आणि सगळे तसेच धडपडत पत्र्यामागे शिरले.

दार लोटलं, आणि तो आवाज झाला. तो काही फार मोठा नव्हता. जड माणसानं सुस्कारा टाकून खाली बसावं, तेवढाच. पण पायाखालची जमीन थरथरली, पत्रे खडखडले आणि फटींतून लाल धूळ आत आली.

नवऱ्यानं फटीला डोळा लावला.

"पूर्वेची बाजू गेली," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "पूर्वेची सगळी बाजू गेली."

ते दोघं सकाळपासून जिथं उभे होते, तिथं आता दीड पुरुष माती होती.

"दादा," धाकटा हसत म्हणाला, "आपण आत्ता..." आणि त्याला पुढं बोलता येईना. त्याचे ओठ बघता बघता सुजून आले होते. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. पाठीवर, छातीवर बोट ठेवायला जागा नव्हती. सासूनं नखांनी काटे काढायला सुरुवात केली आणि वीस-पंचवीसनंतर ती मोजायची थांबली.

आवाज ऐकून बागवाली धावत आली होती. तिनं एकदा धाकट्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, जीप काढली आणि स्वतः चालवत त्याला मोठ्या गावातल्या दवाखान्यात नेलं. सासू बरोबर गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. जीव वाचला होता, पण डॉक्टर अजून आठवडाभर सोडणार नव्हते.

बघायला माणसं आली. सगळी काठापासून लांब उभी राहून बघत, चुकचुकत आणि म्हणत, "देवानंच वाचवलं." नवरा प्रत्येकाला तेच सांगे. "देवानंच माश्या पाठवल्या. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ. तेवढा उशीर झाला असता तर संपलं होतं." सांगताना त्याचा आवाज दर वेळी थोडा चढायचा. पण तो स्वतः विहिरीकडे फिरकला नाही. कुदळ, पहार, फावडं, सगळं त्यानं धुऊन-पुसून खोपटाच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं, पाहुण्याच्या घरी न्यायचं असल्यासारखं.

चौकशीचा एक डोळा पूर्ण बंद होता. दुसऱ्यानं ती पत्र्याकडे बघत पडून होती. अंगात ताप होता आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. फांदी हलली होती. वारा नव्हता, आणि फांदी हलली होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला तशी ती उठली.

"कुठं निघालीस?" नवऱ्यानं विचारलं.

"बघून येते."

"काय बघायचंय तिथं?"

ती काठीला टेकत गेली. तिथं एक माणूस आधीच होता. मध काढणारा, वाळक्या अंगाचा म्हातारा, डोक्याला फडकं बांधलेला. मोहोळ उठल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. पोळं रिकामं लोंबत होतं आणि तो त्याच्याखाली उभा राहून मान वाकडी करून बघत होता.

"तुम्हीच का त्या रहाटावरच्या?" त्यानं तिचं तोंड बघून विचारलं. "दांडा सोडला नाही म्हणे."

"माश्या का उठल्या, बाबा?"

"उगाच नाही उठत त्या. धूर लागतो, घारीचा पंख लागतो, नाही तर कुणीतरी दगड मारतं."

"यातलं काहीच नव्हतं. फांदी हलली, मी बघितलंय."

म्हाताऱ्यानं फांदीवरून बुंध्याकडे नजर आणली. मग दोघं बुंध्याभोवती फिरले. विहिरीच्या अंगाला जमिनीत एक भेग होती, हात जाईल एवढी रुंद, थेट झाडाखाली गेलेली. भेगेत मनगटाएवढं मूळ ताणून तुटलेलं होतं, पांढरा गाभा उघडा पडलेला. चौकशी पोटावर आडवी झाली आणि एका डोळ्यानं आत बघू लागली.

"माती आधी सरकली," ती म्हणाली. "वरून काही दिसलं नाही, पण आत सरकली. तिनं मूळ ओढलं. मुळानं झाड ओढलं, म्हणून फांदीला हिसका बसला."

"आणि पोळं हललं," म्हातारा म्हणाला. "असंच असणार. बारीकशा हिसक्यानंसुद्धा उठतात त्या. त्यांना तुमच्या आधी कळलं." तो खाली बसला आणि तुटक्या मुळावरून बोट फिरवू लागला. "चाळीस वर्षं माश्यांच्या मागे फिरतोय मी, पण हे नव्हतं बघितलं कधी."

चौकशीला एवढा आनंद झाला की सुजेमुळे हसता येईना तरी ती हसली. ती जवळपास पळतच खोपटाकडे आली. सासू दवाखान्यातून कपडे न्यायला आली होती, चुलीपाशी टेकली होती. नवरा दारात बसला होता.

"अहो, कळलं! झाड हललं म्हणून माश्या उठल्या. मूळ तुटलंय. माती आधीच सुटायला लागली होती, तिनंच ओढलं ते." तिनं हातांनी सगळं करून दाखवलं, भेग, मूळ, फांदी.

नवरा ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे माती पडणारच होती, म्हणून माश्या उठल्या."

"हो!"

"मग देव कुठं आला त्यात?"

चौकशीचे हात हवेतच राहिले.

"आता सांग ना," तो उठून उभा राहिला. "तीन दिवस मी स्वतःला सांगतोय, त्यानं हात घालून बाहेर काढलं, तर पुढच्या वेळीही काढेल. हे एवढ्यासाठी, की मला परत कधी ना कधी खाली उतरायचंय. दुसरं काही येत नाही मला. आणि तू जाऊन मूळ बघून आलीस! झाड हललं, बस्स! झाड नसतं तर? फांदी दुसऱ्या अंगाला असती तर?" त्यानं कोपऱ्यातल्या पहारीकडे हात केला. "एवढी चौकशी करून काय मिळवलंस? माझ्या पायाखालची खोबणीच काढून घेतलीस."

तो तिथून निघून बागेत गेला. आपण काय केलं ते चौकशीला आत्ता कळत होतं.

सासू चुलीपासून उठली नव्हती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मला सांग परत. सावकाश. आधी काय झालं?"

"राहू द्या आई."

"सांग म्हणते ना."

चौकशीनं खालमानेनं सांगितलं. माती सरकली, मूळ ताणलं, झाड हललं, माश्या उठल्या. सासू प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती.

"मग त्या तुला चावल्या."

"हो."

"आणि डबा अर्ध्यावर होता म्हणून तू पळाली नाहीस. डबा नसता तर ओरडत पळाली असतीस, त्यांना तू गेलीस ते कळलं असतं, आणि ते खालीच बसून राहिले असते, माश्या जाईपर्यंत. खाली माश्या नव्हत्या."

चौकशीनं मान वर केली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं आवाज दिला नाही, म्हणून ते वर आले होते.

"हे एवढं सगळं एकापुढं एक," सासू म्हणाली. "तू त्यातलं कुठलं काढून टाकशील? मला वाटायचं, त्यानं वरून बघितलं आणि एकदम माश्या सोडल्या. तू म्हणतेस, मातीपासून जुळवत आणलंय. मग मी म्हणत होते त्यापेक्षा हे जास्तच झालं की."

"आणि भाऊजी?" चौकशीनं हळूच विचारलं. "त्यांनी सदरा माझ्या तोंडावर टाकला म्हणून त्यांना एवढ्या चावल्या. तेही त्यानंच जुळवलं?"

सासूनं पदर डोळ्यांना लावला.

"ते मला नाही कळत," ती म्हणाली. "तिथं बाकावर बसून तेवढं एकच विचारतेय मी त्याला. भांडतेय म्हण. अजून तरी काही बोलला नाही."

दुसऱ्या दिवशी चौकशी सासूबरोबर दवाखान्यात गेली. लांबट खोली, दोन्ही अंगांना खाटा, फिनेलचा वास. धाकटा उशीला टेकून बसला होता. तोंड अजून भोपळ्यासारखं होतं, पण डोळे उघडले होते. तिला बघताच तो म्हणाला, "वहिनी, आरसा बघितलात का? आता आपण सख्खे भाऊ-बहीण दिसतो."

सासू नर्सशी बोलायला गेली तशी चौकशी खाटेच्या कडेला टेकली. तिनं त्याला सगळं सांगितलं. मूळ, फांदी, नवरा काय म्हणाला ते.

"तुम्हाला काय वाटतं, भाऊजी? माश्या कुणी उठवल्या?"

"ज्यानं उठवल्या त्याला माझ्या पाठीचा पत्ता मात्र चांगला माहीत होता." तो हसला, मग त्याला खोकला आला. खोकला थांबल्यावर तो चादरीकडे बघत राहिला. "तुम्हाला एक सांगतो. दादाला सांगू नका. नाहीतर सांगा, मला सांगवणार नाही. त्या सकाळी खडे पडत होते."

"कसले खडे?"

"पूर्वेच्या भिंतीतनं. बारीक, हरभऱ्याएवढे. टप्, टप्. एक माझ्या पायावर पडला. विहीर बोलायला लागली की वर निघायचं, हे बापानं आम्हाला कुदळ हातात द्यायच्या आधी शिकवलंय. दादाची पाठ होती, त्याला दिसलं नाही. मला दिसलं. पण शनिवारी गाडी येणार होती ना. म्हटलं, एवढा एक डबा भरू दे. मग म्हटलं, आणखी एक."

खाटेखाली कुणाचा तरी पेला लवंडला होता, तो चौकशीनं उचलून सरळ ठेवला.

"मी देवाला मानत नाही, तुम्हाला माहीत आहे," धाकटा म्हणाला. "पण इथं पडल्या पडल्या एकच डोक्यात येतं. आधी त्यानं साध्या बोलीत सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, म्हणून मग ओरडावं लागलं. आणि ओरडला तो तुमच्या अंगावर. त्यापुढं माझ्या पाठीचं काय घेऊन बसलात?"

घरी परतल्यावर तिनं नवऱ्याला खड्यांचं सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पायावर पडला म्हणाला?" आणि उठून कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

झुकलेला उंबर आधी पाडायला हवा होता, नाहीतर उरलेली भिंतही तो घेऊन गेला असता. दोन दिवस नवरा आणि मधवाला म्हातारा तेच करत होते. दोर बांधून, फांद्या उतरवून, बुंधा विहिरीच्या उलट अंगाला पाडला. मग नवऱ्यानं पूर्वेचा सुटा भाग वरूनच पायऱ्या-पायऱ्यांनी मागे कापत आणला, पडेल असं काही शिल्लक ठेवलं नाही. बाकीच्या भिंतीला काठावर पालथं पडून वरूनच फांद्यांच्या बल्ल्या आडव्या ठोकून आधार दिला. काम त्याचं नेहमीसारखंच नेटकं होतं. पण काठाच्या आत त्यानं पाऊल टाकलं नाही. सगळं आटोपल्यावरही तो बल्ल्यांवर हातोड्यानं ठोकत राहिला, ज्या आधीच पक्क्या होत्या त्यांवरसुद्धा.

शनिवार उजाडला. बागवाली आली, छत्रीशिवाय.

"गाडी दुपारी येतेय," ती म्हणाली. "हा खड्डा मग बुजवून टाका. मला ही विहीर आता बघवत नाही."

"बाई, जरा थांबा," चौकशी म्हणाली. ती काठावर बसून केव्हाची पडलेल्या बाजूकडे बघत होती. "तिथं, तो काळा पट्टा दिसतोय? ढिगाच्या थोडा वर. परवा नव्हता तो एवढा काळा."

नवऱ्यानं बघितलं. "सावली असेल."

"सावली हलते. हा सकाळपासून तिथंच आहे." ती उठली. "मी उतरून बघते."

"तू?" बारा वर्षांत ती कधी खाली गेली नव्हती. तिचं काम वर.

"तुम्ही उतरा म्हणत नाही मी. मला बघायचंय."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग त्यानं स्वतः दोर तिच्या कमरेला बांधला, गाठ तीनदा ओढून बघितली आणि दांडा धरला. सासू ओठ हलवत जवळ येऊन उभी राहिली.

चौकशी खोबण्यांतून उतरत गेली. ऊन वर राहिलं. आतली हवा वेगळी होती, मातीचा गार, जुना वास होता तिला. आपल्या श्वासाचा आवाज भिंतीवरून परत येत होता. माणसं इतकी वर्षं इथं उभी राहतात आणि वर आपण डब्याकडे बघत बसतो, असं तिच्या मनात आलं. ढिगावर पाय टेकले. ती हातापायांवर रांगत पूर्वेच्या उघड्या भिंतीपाशी गेली आणि त्या काळ्या पट्ट्याला तळवा लावला.

तळवा थंड झाला. तिनं हात मागे घेतला, तर बोटांना निळसर चिकणमाती लागलेली, आणि तिनं ज्या ठिकाणी बोटं रोवली होती तिथं चार खळ्या पडलेल्या. ती बघत असताना त्या भरल्या. पाण्यानं. भरून ओघळल्या.

"काय दिसतंय?" वरून नवरा ओरडला. ती उत्तर देईना. ती खळ्या मोठ्या करत होती, कुठून येतंय ते बघत होती, पाणी चिकणमातीच्या वरच्या अंगानं सरकत येत होतं आणि मुरमाला आतून भिजवत होतं. "अगं, काय दिसतंय?"

"पाणी!" ती ओरडली, आणि तिचंच ओरडणं तिच्या अंगावर परत आलं. "भिंतीमागं होतं! आपण सरळ खाली खोदत होतो आणि हे इथं, हातभर पलीकडे. अहो, यानंच माती सुटली! हेच ढकलत होतं आतून!"

वर कुणीतरी "धरा हे" म्हणालं, आणि खोबण्यांत पाय वाजू लागले. तिनं मान वर केली. नवरा उतरत होता. दर खोबणीला तो थांबत होता, गाल भिंतीला टेकवत होता, पुन्हा पाय खाली सोडत होता. त्याच्या पलीकडे, आभाळाच्या गोल तुकड्यात, रहाटाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बागवाली उभी होती आणि तिच्या कोपराला सासूनं आधार दिला होता.

तो ढिगावर टेकला. चौकशीनं त्याचा हात धरून भिंतीला लावला. तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून. मग त्यानं ओली बोटं जिभेला लावली.

"गोडं आहे," तो म्हणाला.

दोघं तिथं बसले. पाण्याची एक बारीक रेघ ढिगावरून वळत वळत त्यांच्या पायांकडे आली.

"कुठून कुठून आणलं त्यानं," नवरा म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता अजून काही शोधून काढणार असशील तर काढ. मला नाही भीती वाटायची."

"मला कळत नाही अजून सगळं," चौकशी म्हणाली. "भाऊजींचं तर काहीच कळत नाही. पण हात जोडावेसे वाटतायत." तिनं तळवे उलटसुलट करून बघितले. "आणि हे बघा, कोपरापर्यंत चिखल."

"मग चिखलासकट जोड," तो म्हणाला. "त्याला काय चिखल नवीन आहे?"

तिनं जोडले. शेजारी त्यानंही जोडले. मग त्यानं मान वर करून डबा आणि फावडं खाली सोडायला सांगितलं, आणि गाडीवाल्याला फाटकातूनच परत पाठवा म्हणून सांगितलं.